एक्सरेला किती घाबरायचं, ते डॉक्टरनी तरी नीट सांगावं की

बेळगावात बहुतेक एक्सरे रूमच्या दारावर एक बोर्ड असतो, गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा म्हणून. कन्नडात असतो, इंग्रजीत असतो, मराठीत दिसला तर नशीब. पण समजा मराठीत असला तरी काय, खानापूरच्या पुढून दोन बस बदलून आलेली बाई कंबर धरून बाकावर बसलीय, ती बोर्ड वाचत बसणार आहे का, आणि वाचला तरी पाळी चुकून चारच दिवस झालेत तेव्हा दिवस गेलेत हे तिचं तिलाच अजून माहीत नाही. म्हणजे सांगायचं काम तिच्यावर टाकलंय आणि विचारायचं काम कुणाच्याच अंगावर नाही, अशी ही सगळी व्यवस्था आहे.

मी डॉक्टर नाही. एक्सरे-सीटीचा टेक्निशियन आहे, या भागातल्या लहान-मोठ्या सेंटरांमध्ये काम केलंय, त्यामुळं डॉक्टर चिठ्ठीवर काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत हे रोजच डोळ्यासमोर असतं. आणि माझं म्हणणं सरळ आहे. गरोदरपण आणि रेडिएशन या विषयात आपल्याकडचे बरेच डॉक्टर दोन्ही बाजूंनी चुकतात. टेस्ट लिहिताना पाळीची तारीख विचारत नाहीत, आणि नंतर बाई गरोदर निघाली की एकदम घाबरून तिला अशी भीती घालतात की ती मूल पाडायला निघते. आधी बेफिकिरी आणि नंतर घबराट, दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट, कुठल्या टेस्टला पोटातल्या गर्भापर्यंत किती रेडिएशन पोचतं याचा आकडा माहीत नसणं. आणि माझ्या मते यातली घबराट जास्त नुकसान करते.

आकडा म्हणजे काय फार अवघड नाही हो. रेडिएशनचा डोस मिलिग्रेमध्ये मोजतात. आपण काहीच टेस्ट केली नाही तरी जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून नऊ महिन्यांत गर्भाला साधारण अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच, त्याला कुणी अडवू शकत नाही. (केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिथं निसर्गातलंच रेडिएशन आपल्यापेक्षा कितीतरी पट आहे, पिढ्यानपिढ्या लोक राहतात, आणि तिथल्या मोठ्या पाहणीत, २००९ ला छापून आलेल्या, कॅन्सर जास्त असल्याचं दिसलं नाही.) आता छातीचा एक्सरे घेतला तर गर्भाला मिळतो एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. डोक्याचा सीटी, तितकाच किरकोळ. छातीचा सीटी, अर्ध्या-पाऊण मिलिग्रेच्या आत. पोटाचा साधा एक्सरे ३ मिलिग्रेपर्यंत. कमरेच्या मणक्याचा एक्सरे, ज्याला आम्ही एलएस स्पाइन म्हणतो, १ ते १०. पोटाचा सीटी साधारण १ पासून ३५ पर्यंत आणि ओटीपोटाचा सीटी १० ते ५०. हे आकडे माझे नव्हेत, अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ ला दिलेल्या गाईडलाईनमधले आहेत. आणि तीच गाईडलाईन म्हणते की ५० मिलिग्रेच्या खाली व्यंग, गर्भपात किंवा वाढ खुंटणं यातलं काही वाढल्याचं दिसत नाही.

रेडिएशन संरक्षणाची जी आंतरराष्ट्रीय कमिटी आहे, आयसीआरपी, तिचा २००० सालचा ८४ नंबरचा रिपोर्ट तर फक्त याच विषयावर आहे. त्यात साफ लिहिलंय की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर तेवढ्या कारणावरून गर्भपात करू नये. त्यातच एक तक्ता आहे तो मला फार आवडतो कारण तो बाईला सांगता येतो. काहीच रेडिएशन नाही असं धरलं तरी शंभरातली तीन बाळं काही ना काही व्यंग घेऊन जन्मतात आणि हजारातल्या तीन मुलांना वयाच्या विशीच्या आत कॅन्सर होतो. १० मिलिग्रे मिळाला तर व्यंगाचा आकडा तोच राहतो आणि कॅन्सरचा हजारात तीनचा चार होतो. ५० ला सहा. १०० ला नऊ. म्हणजे धोका शून्य नाही हे खरं, १९५६ पासून, ॲलिस स्ट्युअर्ट या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी गरोदरपणातल्या एक्सरेचा आणि मुलांच्या कॅन्सरचा संबंध दाखवला तेव्हापासून हे माहीत आहे, पण तो किती आहे ते बघा की. १० मिलिग्रे मिळाला तरी हजारातल्या ९९६ मुलांना कॅन्सर होत नाही. हे असं समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात.

त्याऐवजी होतं काय. लग्न होऊन सहा-आठ महिने झालेली मुलगी, निपाणी-चिकोडीकडं तंबाखूच्या वखारीत नाहीतर बिडीच्या कामात बसून बसून कंबर धरते, डॉक्टरकडं जाते, ते पॅडवर एलएस स्पाइन लिहून मोकळे. पाळीचं कुणी विचारलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी उलट्या सुरू, किटवर दोन रेघा. आता सासू म्हणते एक्सरे काढला होता की, आणि सगळे परत त्याच डॉक्टरकडं. आणि तिथं उत्तर मिळतं, "काही सांगता येत नाही, रिस्क आहे, पहिलंच आहे, पिशवी साफ करून घ्या, पुढच्या वेळी बघू." वाढवून सांगत नाही, अशा बायका परत आमच्याच काउंटरवर येऊन विचारतात की हो भाऊ, तुम्ही किती करंट दिला होता आम्हाला. एलएस स्पाइनला जास्तीत जास्त दहाएक मिलिग्रे, ५० ची हद्द कुठं आणि १०० ची कुठं, पण हे मी टेक्निशियननं सांगून कोण ऐकणार, डॉक्टरनं रिस्क आहे म्हटलंय ना.

एक स्पष्ट करतो, ज्या बाईला मूल नकोच आहे तिचा हक्क वेगळा, १९७१ चा कायदा आहे, २०२१ ला त्यात सुधारणा झाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी बोलतोय ते हवं असलेलं मूल चुकीच्या आकड्यावरून, खरं म्हणजे आकडाच नसताना, पाडण्याबद्दल.

हे फक्त आपल्या गावाकडच्या डॉक्टरांचं आहे असंही समजू नका. ब्रिटनमध्ये २००३ ला १३० डॉक्टरांना प्रश्न विचारले होते, कुठल्या टेस्टला किती रेडिएशन, तर जवळपास सगळेच, ९७ टक्के उत्तरं खऱ्या डोसपेक्षा कमी. त्यातल्या सहा जणांना सोनोग्राफीत रेडिएशन नसतं हेच माहीत नव्हतं आणि अकरा जणांना एमआरआयचं. डॉक्टर हं, कंपाउंडर नव्हेत. लगेच २००४ ला कॅनडात ओंटारिओमध्ये फॅमिली डॉक्टर आणि प्रसूतितज्ज्ञांना विचारलं तर चित्र बरोब्बर उलटं. सुरुवातीच्या दिवसांत पोटाचा सीटी झाला तर बाळात व्यंग यायचा धोका ५ टक्के किंवा त्याहून जास्त असं म्हणणारे फॅमिली डॉक्टर निम्म्याहून अधिक, ६१ टक्के, आणि एकूण फॅमिली डॉक्टरांतले ६ टक्के तर गर्भपाताचा सल्ला देणार होते. म्हणजे टेस्ट लिहिताना डोस कमी वाटतो आणि बाई गरोदर आहे म्हटलं की धोका आभाळाएवढा वाटतो. आपल्याकडं जे दिसतं तेच तिकडं कागदावर आलंय एवढंच.

भीतीनं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण ग्रीसचं आहे. १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, ग्रीस तिथून कुठल्या कुठं लांब, तिथल्या लोकांना मिळालेला डोस एका मिलिसिव्हर्टच्या (इथं मिलिग्रेएवढंच धरा) आसपास, म्हणजे वर्षभर निसर्गातून मिळतो त्यापेक्षाही कमी. पण पेपरात काय काय छापून आलं, डॉक्टर स्वतः गोंधळले, आणि तिथल्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी अंदाज काढला की साधारण अडीच हजार हवीहवीशी बाळं त्या भीतीपायी पाडली गेली. रेडिएशननं नाही गेली ती. आणि त्यांची नावं चेर्नोबिलच्या कुठल्याच यादीत नाहीत.

आपल्याकडंही असला गोंधळ फार जुना नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ ला, एम्सचे तेव्हाचे डायरेक्टर डॉ. रणदीप गुलेरिया टीव्हीवर म्हणाले की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्सरे. लगेच रेडिओलॉजिस्टांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं पत्रक काढलं की हे जुनं झालं, आताच्या कमी डोसच्या मशीनवर ते ५ ते १० एक्सरेएवढं येतं. आता सांगा, देशातले एवढे मोठे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्टांची संघटना यांच्यात एवढा फरक, तर टीव्ही बघणाऱ्या लोकांनी काय समजायचं. त्या वेळी एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी, काढलेल्या किती गरोदर बायका घाबरून बसल्या होत्या, आणि छातीच्या सीटीला गर्भापर्यंत पाऊण मिलिग्रेसुद्धा पोचत नाही ही साधी गोष्ट त्या भांडणात कुणी बोललंच नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही म्हणताय बिनधास्त सीटी काढा. तसं अजिबात नाही. धोक्याच्या जागा आहेतच. आठ ते पंधरा आठवडे हा मेंदू तयार होण्याचा काळ, हिरोशिमा-नागासाकीत आईच्या पोटात असताना मोठा डोस मिळालेल्या मुलांत मतिमंदत्व सगळ्यात जास्त याच आठवड्यांतल्यांत दिसलं. आणि पोटाचा सीटी एकदा आणि तीनदा यात फरक आहे. चिठ्ठीवर कुणी सवयीनं "प्लेन अँड कॉन्ट्रास्ट", कुणी "ट्रिपल फेज" लिहून देतात, म्हणजे त्याच पोटावरनं मशीन दोनदा-तीनदा फिरतं आणि डोसही दुप्पट-तिप्पट होतो, तिथं ५० ची हद्द ओलांडू शकते. मूतखड्याच्या संशयासाठी जिथं सोनोग्राफीनं काम भागलं असतं तिथं रात्री अकराला सीटी होतो कारण सोनोग्राफीचे सर घरी गेलेत, सीटीला टेक्निशियन पुरतो. थायरॉइडसाठी देतात ते रेडिओॲक्टिव्ह आयोडीन तर गरोदर बाईला द्यायचंच नसतं, ते बाळाच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच आधी विचारायला पाहिजे.

पण भीतीपायी जी टेस्ट हवीच ती टाळणं हाही गुन्हाच की. टीबीचं घ्या. महिन्याभराचा खोकला, वजन उतरतंय, आणि बाई गरोदर, तर छातीचा एक्सरे "डिलिव्हरीनंतर बघू" म्हणून पुढं ढकलायचा. त्या एक्सरेत बाळाला मिळणारं रेडिएशन म्हणजे नसल्यासारखंच, आणि उपचाराशिवाय राहिलेला टीबी आईला खातो, बाळाला खातो, घरातल्या दुसऱ्या मुलांना लागतो. अपेंडिक्सचं तसंच, सोनोग्राफीत दिसलं नाही, एमआरआय मिळत नाही, तर सीटी करावा लागतो, कारण अपेंडिक्स फुटलं तर गर्भ जाण्याचा धोका त्या सीटीपेक्षा कितीतरी जास्त. आणि हायवेवर, आपला पुणे-बेंगळुरू रस्ता, त्यावर ॲक्सिडेंट होऊन आलेली गरोदर बाई, तिच्या डोक्याचा सीटी करायला कुणी सहीसाठी नवऱ्याची वाट बघत बसतं तेव्हा राग येतो खरंच. आई वाचली तर बाळ वाचणार.

विचारण्याबद्दल थोडं बोलतो कारण खरी गोम तिथं आहे. पाळीची तारीख विचारणं आपल्याकडं सोपं नाही. पुरुष टेक्निशियन, बाजूला सासरा नाहीतर दीर उभा, आणि मी विचारायचं की अक्का, पाळी कधी आली होती. ती मान खाली घालते नाहीतर "काय नाही तसलं" म्हणते. कॉलेजच्या पोरीला विचारलं तर वडील अंगावर येतात, आमच्या पोरीबद्दल काय समजता म्हणून. त्यामुळं हळूहळू सगळे टेक्निशियन विचारायचंच सोडून देतात. हाच प्रश्न डॉक्टरनं केबिनमध्ये, पडद्याआड, नाडी बघताना विचारला तर कुणाला काही वाटत नाही, कारण डॉक्टरनं विचारायचंच असतं. नर्स असेल तर आणखी बरं. आणि विचारायचं ते "गरोदर आहात का" असं नकोच, त्याला नाही हे उत्तर ठरलेलं असतं, विचारायचं शेवटच्या पाळीची तारीख, आणि ती चिठ्ठीवर लिहायची. महिना उलटून गेला असेल तर पन्नास रुपयांचं किट, पाच मिनिटं, विषय संपला.

गंमत बघा. सोनोग्राफीत रेडिएशन नाही, पण तिथं गरोदर बाई आली की फॉर्म एफ भरल्याशिवाय प्रोब हातात घेता येत नाही, नाव पत्ता किती मुलं किती मुली सही, १९९४ चा कायदा आहे, रजिस्टर तपासायला अधिकारी येतात, मशीन सील होतात. लिंगनिदान थांबवायला ते पाहिजेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पलीकडच्या खोलीत जिथं खरंच रेडिएशन आहे तिथं एका तारखेची ओळ नाही. एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन्स भिंतीवर लावलेलं असतं, आमच्या छातीला टीएलडी बॅज असतो, म्हणजे माझा डोस तीन महिन्यांनी मोजून येतो. पेशंटचा कोण मोजतं? मशीनवर तर दिसतो. प्रत्येक सीटी झाल्यावर कन्सोलवर डीएलपी म्हणून आकडा येतो, पेशंटला किती दिलं त्याचा, तो कॉम्प्युटरमध्ये पडून राहतो आणि रिपोर्टवर काही येत नाही.

सीमाभागात आणखी एक भानगड. इकडची माणसं एका दवाखान्यात थांबत नाहीत, थांबता येतही नाही. आधी गावातले डॉक्टर, मग बेळगावचं सिव्हिल नाहीतर मोठं खासगी, तिथं पैसे झेपेनात की मिरज, कोल्हापूर. चंदगड-गडहिंग्लजची माणसं उलटी बेळगावला येतात. महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली म्हटल्यावर कर्नाटकानं हरकत घेतली, ते राजकारण चालू दे तिकडं, पण पेशंट हद्द ओलांडतोच, आणि ओलांडला की पुन्हा पहिल्यापासून टेस्ट. इकडची फिल्म तिकडं चालत नाही, सीडी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, नाहीतर "आमच्या मशीनवर काढून आणा". कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं त्या तायी कार्डावर बीपी, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन सगळं असतं, पण कुठं कधी कसला एक्सरे झाला याला त्यात जागा कुठं बघितली नाही मी, आणि पलीकडं गेल्यावर त्या कार्डावरचं कन्नड कुणी वाचत नाही. एकाच बाईचा पोटाचा सीटी आठवड्यात दोनदा झाला तर तो बेरजेनं मोजायचा असतो, पण बेरीज करणारा माणूसच नाही.

आणि हे सगळं कुठं, तर बेळगावात, जिथं १९६३ पासून मेडिकल कॉलेज आहे, जिथल्या खेड्यापाड्यांतल्या गरोदर बायकांची नोंद ठेवून जगभरात छापलं जाणारं संशोधन चालतं, अवेळी बाळंतपण टाळायला ॲस्पिरीनची छोटी गोळी उपयोगी पडते का याचा सहा देशांतला अभ्यास झाला २०२० ला लॅन्सेटमध्ये आला, त्यातही बेळगाव होतं. म्हणजे माणसं आहेत, अक्कल आहे, आशा कार्यकर्त्यांची साखळी आहे. या एका विषयाकडं बघायला सवड नाही एवढंच.

डॉक्टरांची बाजू मला माहीत नाही असं नाही. ओपीडीला शंभर पेशंट, प्रत्येकाला आकडे समजावत बसायचं कधी. शिवाय शंभरातली तीन बाळं व्यंग घेऊन येणारच, त्यातलं एखादं एक्सरे झालेल्या बाईचं निघालं तर डॉक्टर, तुम्हीच काही होणार नाही म्हणाला होता असं म्हणत लोक दवाखाना फोडायला येतील, ग्राहक कोर्टात जातील, त्यापेक्षा "पाडून घ्या" म्हटलं की सेफ. कळतं मला. पण सेफ कुणासाठी? आणि त्यावर उपाय आहे की, तोंडी नको, लिहून द्या, अमुक टेस्ट झाली, इतक्या आठवड्याला, गर्भाला अंदाजे इतके मिलिग्रे, ५० च्या खाली, टेस्टशिवायही शंभरात तीनला व्यंग असतं हे समजावलं, आणि खाली सही. तो कागद कोर्टात "रिस्क आहे" यापेक्षा जास्त टिकेल.

एमबीबीएसला रेडिओलॉजी किती शिकवतात, थोड्या दिवसांची पोस्टिंग, त्यात फिल्म वाचायला शिकतात तेच पुष्कळ, डोसचं कोण विचारतंय. आणि खेड्यात प्रॅक्टिस करणाऱ्या बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांना तर कधी कुणी सांगितलंच नाही, एक्सरे मात्र तेच सगळ्यात जास्त लिहितात. जाता जाता, पोटावर ठेवायचा लीड ॲप्रन. तो ठेवला की डॉक्टर, पेशंट, सासू सगळे खूश. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या (दवाखान्यातलं रेडिएशन मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या) संघटनेनं २०१९ लाच सांगितलं की पेशंटच्या पोटावर रुटीन ॲप्रन ठेवणं बंद करा, गर्भापर्यंत पोचतं ते बरंचसं शरीराच्या आतनंच विखरून येतं, त्याला ॲप्रन काय अडवणार, उलट फिल्मवर मध्ये आला तर परत काढावी लागते. पण आपल्याकडं ॲप्रन मागायला लोक शिकलेत आणि तारीख विचारायला डॉक्टर नाही.

माझं मागणं फार नाही. चिठ्ठीवर नाव-वय छापलेलं असतं त्याच्या खाली शेवटच्या पाळीची तारीख एवढी एक ओळ छापा, बारा ते पन्नास वयाच्या प्रत्येक बाईसाठी, आणि ती रिकामी असेल तर टेक्निशियननं चिठ्ठी परत पाठवायची, इमर्जन्सी सोडून. त्याला मालकानं ओरडायचं नाही. सीटीच्या रिपोर्टवर डीएलपीचा आकडा छापा, मशीन फुकट देतंय तो. आणि बाई नंतर गरोदर निघाली तर कुठलाही निर्णय घेण्याआधी तो आकडा आणि तारीख घेऊन मेडिकल फिजिसिस्टला विचारा. तो कुठं सापडेल म्हणाल तर जिथं कॅन्सरला शेक द्यायचं मशीन आहे तिथं तो असतोच, बेळगावात आहे, मिरजेत आहे, कोल्हापुरात आहे. फोनवर फाईल पाठवली तर एका दिवसात गर्भाचा डोस काढून देतो तो, आणि तोपर्यंत बाईला एवढंच सांगायचं की उद्या या, घाई काही नाही.